गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम, ९ महिने वापरून: १९ घरं, ४ देश, एक बाळ

आधी रेटिंग सांगते, ५ पैकी ४. एक स्टार कापलाय कारण यातून फोटो पोचतात, बातमी पोचत नाही, आणि हा फरक आम्हाला जरा उशिराच कळला. तो कसा कळला ते सगळं लिहिते, थोडं लांबेल, पण घरात नवीन बाळ येणार असेल किंवा लग्नकार्य असेल आणि माणसं चार दिशांना असतील तर वाचा, उपयोग होईल.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. २४ ऑगस्ट २०२५ ला, रविवारी पहाटे ५:४० ला आमच्याकडे मुलगी झाली. घरात सासूसासरे आणि आम्ही दोघं, बाकी सगळा गोतावळा विखुरलेला. नणंद न्यू जर्सीला, धाकटा दीर दुबईला, माझा सख्खा भाऊ मेलबर्नला, सासूबाईंची थोरली बहीण इंदूरला, चुलत सासरे आणि सगळी भावकी देवरुखजवळ गावी, माझे आईबाबा डोंबिवलीत, आणि माझी आजी, म्हणजे आईची आई, सावंतवाडीला, तिच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे आणि तोही बहुतेक वेळ देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला. मोजली तर १९ घरं होतात जिथे आमच्या बाळाची वाट बघणं चालू होतं.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. मी आत, नवरा बाहेर रात्रभर जागा. बाळ हातात दिल्यावर त्याने फोटो काढला आणि आनंदाच्या भरात स्टेटसला टाकला, "लक्ष्मी आली" लिहून. त्याची चूक आहे असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आताही म्हणत नाही, पण इंदूरच्या मावशी सकाळी उठल्या, चहा घेता घेता फोन बघितला आणि सख्ख्या धाकट्या बहिणीला नात झाल्याचं त्यांना स्टेटसवरून कळलं. ज्यांनी सासूबाईंचं बाळंतपण केलं होतं त्या मावशी. दुपारपर्यंत त्यांनी फोनची वाट बघितली, इकडे आमची धावपळ, फोन काही गेला नाही, मग त्यांनीही केला नाही. चार दिवस दोघी बहिणी बोलल्या नाहीत. सासूबाई हॉस्पिटलमध्ये माझ्यासाठी डबा घेऊन यायच्या आणि मधेच गप्प व्हायच्या, मला वाटायचं थकल्या असतील.

दुसरं त्याहून अवघड. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे तीन दिवसांवर. गावच्या घरी गणपती असतो, मखर बांधून झालेलं, मूर्ती कारखान्यात रंगवून तयार. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, बाळ जन्मलं की भावकीला सोयर लागतं, आमच्याकडे १० दिवस पाळतात आणि तेवढ्या दिवसांत भावकीतल्या कुणी पूजा करायची नाही. पाळायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण जे पाळतात त्यांना वेळेवर कळायला तर हवं ना. चुलत सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, स्टेटस बघणाऱ्यातले नव्हेतच. रविवारी दिवेलागणीला गावातल्याच कुणीतरी त्यांना विचारलं, "काय अण्णा, ठाण्याला नात झाली म्हणे," आणि ते बघतच राहिले. मग धावाधाव करून चिपळूणहून भाच्याला बोलावलं, बहिणीचा मुलगा म्हणजे त्याला सोयर नाही, त्याच्या हातून पूजा झाली, गणपती दरवर्षीसारखा बसला. पण अण्णा नवऱ्याला फोनवर एवढंच म्हणाले, "अरे सकाळी एक फोन केला असतास तर मला अख्खा दिवस मिळाला असता." ते रागावले असते तर बरं झालं असतं असं नवरा अजून म्हणतो.

सासूबाईंनी नंतर सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी गावाला तार केली होती. दुसऱ्या दिवशी पोचली, पण ज्यांच्या नावाने केली त्यांनाच आधी मिळाली, आणि मग त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडूनच बातमी बाहेर पडली. तार तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं असायचं आणि वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, त्यामुळे पोस्टमनच्या हातात कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच समजायचं बसून वाचायला हवं. आता सगळं एकाच टिंग आवाजात येतं, बाळ झाल्याचं पण आणि वीजबिल भरल्याचं पण. सासूबाईंचं हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

तर आम्ही काय केलं, फ्रिजवर एक कागद लावला. बातमी आली की कुणाला फोन जाणार, कुणी करणार, कोणत्या क्रमाने. अण्णा पहिले, इंदूरच्या मावशी दुसऱ्या, मग माझी आजी, मग नणंद, असं करत ११ फोन. जो फोन घेतो तो पुढच्या घरांना सांगतो, उदाहरणार्थ भावकीतल्या बाकीच्या घरांना अण्णाच सांगणार, ते काम आपण करायचं नाही, कारण ते सांगण्याचा मान त्यांचा आहे. हे सगळे ११ फोन मिळून २५-३० मिनिटांत होतात, मी वेळ लावून बघितलाय. ते झाल्याशिवाय ग्रुपवर, स्टेटसवर, अल्बममध्ये काही टाकायचं नाही. हा कागद अल्बमच्या आधी येतो, म्हणून रिव्ह्यूत पण आधी लिहिला.

आता अल्बम. पहिल्यांदा आम्ही खास बाळांच्या फोटोंसाठी असलेलं एक पैसे भरायचं अॅप घेऊन बघितलं होतं, नाव नाही लिहीत. दिसायला फार गोड, महिन्यामहिन्याने पान उलटतं, पण प्रत्येक नातेवाइकाने अॅप डाउनलोड करा, ईमेल टाका, ओटीपी टाका, आणि सगळं इंग्रजीत. १९ पैकी ५ घरं आली. मावशींनी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. तेव्हा गूगल फोटोजकडे वळलो कारण ते जवळपास सगळ्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून आहे, फोन मराठीत असेल तर ते पण मराठीत दिसतं, आणि लिंक दिली की ज्याचं गूगल अकाउंट नाही तो पण ब्राउझरमध्ये बघू शकतो. एका अल्बममध्ये २०,००० फोटो आणि व्हिडिओ बसतात, त्यामुळे भरायची काळजी नाही, आमचे ९ महिन्यांत चौदाशेच्या आसपास झालेत आणि तेसुद्धा मला जास्त वाटतात.

खरी परीक्षा बारशाला झाली. ४ सप्टेंबर, गुरुवार, बारावा दिवस. आमच्यात नाव आत्याने ठेवायचं, कानात कुर्रर्र आत्यानेच करायचं, आणि आत्या न्यू जर्सीला. ती येणार होती पण सुट्टी आणि तिकीट जमलं नाही, फोनवर रडली. मग वेळ तिच्यासाठी ठरवली, संध्याकाळी ६:३०, म्हणजे तिच्याकडे सकाळचे ९, आणि मेलबर्नला माझ्या भावाकडे रात्रीचे ११, दुबईला ५. जांभळीनाक्यावरून फुलं आणली, पाळणा सासूबाईंनी स्वतः सजवला, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या सुरू झालं, आणि व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच दोनदा अडकला. मग नवऱ्याने सरळ साधा फोन लावला, फोन बाळाच्या कानाजवळ धरला, आणि आत्याने तिकडून कुर्रर्र करून नाव सांगितलं. आम्हाला खोलीत काही ऐकू आलं नाही, बाळालाच ऐकू आलं, बायका आमच्या पाठीत धपाधप बुक्के मारत होत्या आणि मी रडत होते. नाव सगळ्यांना मग सासूबाईंनी सांगितलं.

त्या संध्याकाळी अल्बममध्ये इतरांना फोटो टाकायची परवानगी चालू ठेवली होती, अल्बमच्या ऑप्शन्समध्ये ते बटण आहे. बारशाला आलेल्या पाचसहा जणांनी आपापल्या फोनमधून टाकले, म्हणजे आत्याला एकाच पाळण्याचे सहा बाजूंनी फोटो मिळाले, आणि एका चुलत बहिणीच्या व्हिडिओत तो क्षण पूर्ण आलाय, फोन कानाला लावलेला, बाळाने डोळे उघडलेले. आत्याने तो व्हिडिओ सेव्ह करून घेतलाय. हे सेव्ह करणं महत्त्वाचं आहे, नीट समजून घ्या, कारण टाकणाऱ्याने आपल्या फोटोजमधून तो काढून टाकला तर अल्बममधूनही जातो, अल्बम म्हणजे वेगळी कॉपी नाही. ज्याला जे कायमचं हवं त्याने सेव्ह करायचं, मग ते त्याच्या जागेत मोजलं जातं.

जागेचं लगेच सांगून टाकते. फुकट मिळते १५ जीबी, आणि त्यात जीमेल आणि ड्राइव्ह पण आलं. पूर्वी फोटो हवे तेवढे फुकट ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. अल्बममधले फोटो ज्याने टाकले त्याच्याच जागेत मोजतात, बघणाऱ्याच्या नाही, त्यामुळे सासूबाईंचा फोन भरेल ही भीती ठेवू नका. आमच्या फोनवर १ मिनिटाचा फोर-के व्हिडिओ साधारण ३५० एमबी होतो, बाळ दिवसातून दहा वेळा हसतं, करा हिशोब. आम्ही व्हिडिओ आता साध्या क्वालिटीत काढतो आणि १०० जीबीचा प्लॅन घेतलाय, महिना १३० रुपये.

फोटोच्या दर्जाबद्दल मला जे शिकायला मिळालं ते नौपाड्यातल्या फोटो लॅबवाल्या काकांकडून. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत छोटंसं दुकान आहे, मालक साठीचे, फोटो हातात घेऊन बघतात मगच मशीनला लावतात. मी बारशाचा एक फोटो मोठा करायला दिला, आजीसाठी, ८ बाय १२ चा. काकांनी स्क्रीनवर बघून विचारलं, "ताई हा चॅटवरून आलाय का?" हो म्हटलं. म्हणाले, ८ बाय १२ चांगला छापायचा तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, तुमच्या या फोटोत अर्धे पण नाहीत, छापला तर बाळाच्या पापण्या दिसणार नाहीत. मला माघारी पाठवलं, पैसे घेतले नाहीत. अल्बममधून मूळ फोटो डाउनलोड करून नेला, आणि खरंच पापण्या दिसतात. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, ग्रुपवर बघायला काय टाकायचं ते टाका, पण ठेवण्यासाठीचा फोटो अल्बममध्येच टाका. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही.

अल्बम ज्याच्यापर्यंत पोचू शकत नाही अशी १९ मध्ये दोन घरं आहेत, त्यातलं एक माझ्या आजीचं. आजी ८६ वर्षांची आहे. माझ्या मामाच्या फोनवर ती बघू शकते पण मामा दिवसभर बाहेर, आणि आजीला फोनवरचे फोटो आवडत नाहीत, "बोट लावला की पळता" म्हणते. तिच्यासाठी दर महिन्याला १२ फोटो निवडते, काकांकडे ४ बाय ६ छापून घेते, प्रत्येकाच्या मागे जाड पेनाने लिहिते, तारीख, काय चाललंय, बाजूला कोण उभं आहे. मग पाकीट पोस्टात. पहिल्यांदा स्टेशनजवळच्या मोठ्या पोस्टात गेले आणि सवयीने रजिस्टर करा म्हटलं तर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच घातलंय, आता स्पीड पोस्टच करायचं. केलं. तेव्हापासून स्पीड पोस्टनेच जातं, पाकीट कुठपर्यंत गेलं ते मोबाइलवर दिसतं, आणि ते आजीच्या दारात पोचायच्या दिवशी मी मुद्दाम फोन करते. ती म्हणते थांब चष्मा आणते, आणि मग एकेक फोटो मला फोनवर वाचून दाखवते, मागे मीच लिहिलेलं.

त्याच सुमारास आत्यासाठी पण छापील फोटोबुक पाठवायचं होतं तर नेमकं अमेरिकेचं सगळं अडकलं होतं. तिकडे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली कस्टमची माफी २९ ऑगस्टपासून निघाली, त्यामुळे आपल्या पोस्टाने त्याच्या आधीच बुकिंग थांबवलेलं, ते १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं. पुस्तक दिवाळीच्या सुमारास पाठवलं. परदेशी काही पाठवायचं असेल तर आधी काउंटरला विचारूनच पॅकिंग करा एवढं सांगते.

आता जे फार गंभीरपणे घ्यायला हवं ते. लिंक. अल्बमची लिंक ज्याच्या हातात तो अल्बम बघू शकतो, आणि लिंक फॉरवर्ड करायला एक बोट पुरतं. आमच्या एका काकांनी प्रेमानेच, नात दाखवायला म्हणून, लिंक त्यांच्या शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. ९० माणसं त्या ग्रुपात. अल्बममध्ये तेव्हा मालिशवालीबाई बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालतेय असे फोटो होते. मला हे एका अनोळखी माणसाच्या "गोड आहे नात" या निरोपावरून कळलं, आणि हातपाय गार पडले. काकांना मी काही बोलले नाही, सासऱ्यांनी समजावलं, त्यांना फार वाईट वाटलं. त्याच रात्री तीन गोष्टी केल्या आणि तुम्ही पहिल्याच दिवशी करा. लिंक शेअरिंग बंद करून प्रत्येकाला त्याच्या अकाउंटने घेतलं, ज्यांचं अकाउंट नव्हतं त्यांना सासऱ्यांनी एकेका घरी फोन करून बनवायला लावलं, दोन रविवार गेले त्यात. फोटोचं लोकेशन दिसायचं बंद केलं, ते पण ऑप्शन्समध्येच आहे, नाहीतर आमची बिल्डिंग नकाशावर दिसत होती. आणि आंघोळीचे, मालिशचे, उघड्या अंगाचे फोटो काढले, कायमचे. मुलगी मोठी होऊन हा अल्बम बघणार आहे, तिला विचारायची सोय आज नाही म्हणून तिच्या वतीने आपणच जरा जपायचं.

यानंतर मला अल्बम जास्त आवडायला लागला, कारण आत कोण आहे ते नावानिशी माहीत आहे. कॉमेंट्स बघण्यासारख्या असतात. मेलबर्नचा मामा रोज रात्री उघडतो, त्याची लाइक आली की आम्हाला कळतं तो घरी पोचला. दुबईचा दीर कमी बोलतो, समोर पण कमीच बोलतो, पण बाळ पालथं पडल्याच्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं "आठव्यांदा बघतोय". आणि आत्याच्या फोनवर बाळाच्या जन्माची तारीख २३ दिसते, कारण फोन तिला आला तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र होती, ८ वाजून गेले होते. ती म्हणते माझ्यासाठी वाढदिवस २३ लाच सुरू होणार. होऊ दे.

घड्याळाचं गणित मात्र पाठ करून ठेवा. नोव्हेंबरात अमेरिकेचं घड्याळ एक तास मागे गेलं की साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो, आणि मेलबर्नचं ऑक्टोबरात पुढे गेलं की साडेचारचा साडेपाच. बोरन्हाण आम्ही रथसप्तमीला केलं, २५ जानेवारीला, रविवार होता. सकाळी करायचं ठरत होतं, पण आत्याकडे मध्यरात्र झाली असती म्हणून संध्याकाळी ६ ला केलं, तिच्याकडे ७:३०, मामाकडे ११:३०. हलव्याचे दागिने, काळं झबलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बिल्डिंगमधली सगळी पोरं वेचायला खाली बसलेली. त्या दिवशी फोनच्या कागदाप्रमाणे आदल्या रविवारीच मावशींना फोन गेला होता, आणि त्या इंदूरहून आल्या. स्वतःच्या हातांनी हलव्याचे दागिने करून घेऊन आल्या. दोघी बहिणी रात्री दोन वाजेपर्यंत बोलत बसल्या होत्या, मी पाणी प्यायला उठले तेव्हा ऐकलं, पंचवीस तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बाळंतपणाच्या गोष्टी चालू होत्या. मी दिवा न लावता परत गेले.

उष्टावण मार्चमध्ये, सातव्या महिन्यात केलं, मामा नव्हता म्हणून माझ्या बाबांनी चांदीच्या चमच्याने खीर भरवली. त्याचे फोटो छान आलेत, विशेष सांगण्यासारखं काही नाही, बाळाने खीर थुंकली.

टीव्हीचं राहिलं. फोटोजमध्ये कास्टचं बटण आहे, सासूबाईंना ते एकदा दाखवलं आणि आता शेजारणी आल्या की टीव्हीवर मोठा अल्बम लागतो. चेहरा ओळखून फोटो आपोआप अल्बममध्ये टाकायची सोय पण आहे, ती आम्ही बंद ठेवलीय, कारण आपोआप गेला की कुणीतरी निवडून पाठवला असं त्यात राहत नाही. मी रोज रात्री दोन किंवा तीनच टाकते आणि खाली एक ओळ मराठीत लिहिते. १४०० झालेत ते बारसं, बोरन्हाण अशा दिवसांमुळे.

कुणी विचारेल, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे मग हे कशाला. ग्रुप आम्ही बंद केला नाहीये. कार्यक्रमाची वेळ, पत्ता, कोण कुठल्या गाडीने येतंय यासाठी ग्रुपच बरा. पण ग्रुपवर बाळाचा फोटो पडला की त्याच्यावर पन्नास सुप्रभात येऊन बसतात, आणि आठवड्याने आजोबांना तो फोटो शोधायचा असेल तर सापडत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना कळलं.

तर ४ स्टार. ज्यांच्याकडे लहान बाळ आहे त्यांनी जरूर घ्या, लिंक बंद करून घ्या, आणि आधी फ्रिजवर कागद लावा.

हे लिहीत असताना काल आजीचं इनलँड आलं, अडीच रुपयांचं, तिचं अक्षर अजून सरळ रेषेत आहे. पाच ओळी. पहिल्या चार ओळींत पाऊस, गुडघे, मामाची गाय. शेवटी, "चेडवाक दात इले मां? खालचे आधी इले काय वरचे, ता माका कळय." चेडवाक म्हणजे मुलीला. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं असं ती मानते, आणि मामा म्हणजे तिचा मेलबर्नचा नातू. महिनाभर ही काळजी मनात ठेवून मग तिने पत्र लिहिलंय. मी पत्राचा फोटो काढून अल्बममध्ये टाकला, दाताच्या फोटोच्या शेजारी. भावाने रात्री उघडला, कॉमेंट काही केली नाही, मला फोन केला आणि बराच वेळ आजीच्या अक्षराबद्दलच बोलत होता.

दाताचा फोटो आज काकांकडे छापायला दिलाय, या वेळी ५ बाय ७ मध्ये, उद्या नौपाड्यातून घेऊन तिथूनच पोस्टात जाणार. आजीला काल संध्याकाळीच फोन करून सांगितलं, खालचेच, दोन.